बैलं विकल्यापासून मामंजी गप्प आहेत

पत्र:

मॅडम, आम्ही बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातले. घरी मी, दोन मुलं आणि मामंजी. मालक गोव्यात कंपनीत आहेत, शनिवारी रात्री येतात. दीर-जाऊ पुण्याला. मामंजींचं वय ७६. दोन वर्षांपूर्वी आत्या, म्हणजे सासूबाई, वारल्या. मग मालकांनी आणि दिरांनी ठरवलं, आता यांना शेताचा त्रास नको. बैलं विकली, भाताची जमीन वाट्याने दिली, आता बसून खावा म्हटलं. सुरुवातीला बरे होते. गेल्या सात-आठ महिन्यांत पार बदललेत. पहाटे तीनला उठून सोप्यात बसतात. भाकरी अर्धी खाऊन ताट सारतात. पोटात गोळा येतोय, छातीत कसंतरी होतंय, पाय ओढतात, हेच दिवसभर. बेळगावात दोन ठिकाणी दाखवलं. रक्त, छातीची पट्टी, सोनोग्राफी सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. भजनात टाळ धरायचे, तेही सोडलं. कुणी आलं की आत जाऊन झोपतात. परवा म्हणाले, "पोरी, आता देवानं न्यावं, तुझा पण त्रास संपेल." गल्लीत म्हणतात, सून बघत नाही म्हणून मुद्दाम करतात. चुलतसासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, देवरशाकडे न्या. दीर म्हणतात डिप्रेशन असेल. म्हणजे वेड काय? डोक्याच्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत म्हणतात. आणि मामंजींना बाजारापुरतं कन्नड येतं, मोठ्या दवाखान्यात कुणाला काय सांगणार? खरं सांगू, मलाही आता त्यांचा राग येतो. मग रात्री वाईट वाटतं.
– एक सून

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातलं एकच वाक्य आधी घेते. बाकीचं दोन दिवस थांबलं तरी चालेल, ते थांबणार नाही.

"देवानं न्यावं" हे आपल्याकडची म्हातारी माणसं उठता-बसता म्हणतात आणि घरचेही कानाआड करतात. बऱ्याचदा त्यात काही नसतंही. पण झोप गेली आहे, जेवण तुटलं आहे, माणसांत बसणं बंद झालं आहे आणि वर ते म्हणतात की "तुझा त्रास संपेल". आपण घराला ओझं झालो, असं मनात बसलेल्या माणसाचं हे बोलणं आहे. ते कानाआड करू नका. आज-उद्याच, मुलं शाळेत असताना, जवळ बसून सरळ विचारा: "मामंजी, जीव नकोसा झालाय का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" असं विचारलं तर नसलेलं खूळ डोक्यात शिरेल, अशी भीती सगळ्यांना वाटते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो, कधी रडतो. रडू द्या.

"हो" म्हणाले, किंवा "हो" न म्हणता नुसते गप्प राहिले, तर त्यांना एकटं सोडू नका आणि मालकांना शनिवारची वाट न बघता बोलवून घ्या. उत्तर काहीही येवो, एक काम मात्र आजच करा. शेत वाट्याने दिलं तरी भातावर मारायच्या औषधाची, तणनाशकाची अर्धी बाटली गोठ्याच्या कोनाड्यात किंवा माळ्यावर राहिलेली असते. ती शोधा. कुलपात ठेवा किंवा वाटेकऱ्याच्या घरी पाठवा. मामंजींना याचा खुलासा देत बसायची गरज नाही. टेली मानसचा १४४१६ हा नंबर फोनमध्ये घालून ठेवा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत आणि भाषा निवडायला सांगतात तेव्हा मराठी निवडता येते. तिथं फक्त आजारी माणसानेच बोलायचं असं नाही, तुम्हीही बोला.

आता तुमचा प्रश्न. वय, नाटक की आजार?

मी मामंजींना बघितलेलं नाही, तेव्हा शिक्का मारणार नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून कुठल्याही मनोविकारतज्ज्ञाच्या डोक्यात पहिलं नाव उदासीनतेच्या आजाराचंच येईल. तुमच्या दिरांनी म्हटलं तेच, डिप्रेशन. वेड नव्हे. भास होणं, भलतंच बोलणं, कपड्याची शुद्ध नसणं असलं काही तुम्ही लिहिलेलं नाही. आणि नाटकाचं म्हणाल, तर नाटक करणाऱ्याला बघणारा लागतो. मामंजी कुणी आलं की उठून आत जातात आणि पहाटे तीनला रिकाम्या सोप्यात बसतात. गल्लीतल्या बायकांना एवढं सांगा. नाहीतर काहीच सांगू नका.

"वय झालंय" या उत्तराचा मात्र मला राग आहे. म्हातारपणी गुडघे दुखतात, झोप हलकी होते, घास कमी जातो, हे खरं. म्हणून तर वयस्कांची उदासी ओळखायची एक प्रश्नावली निराळी बनवावी लागली. जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल तिचं नाव. १९८० च्या दशकात अमेरिकेत तयार झाली आणि तिचा १५ प्रश्नांचा छोटा नमुना १९८६ पासून जगभर वापरात आहे. गंमत अशी, की तिच्यात झोपेवर, भुकेवर, अंगदुखीवर एकही प्रश्न नाही. मुद्दाम गाळलेत. कारण या तक्रारी नुसत्या वयानेही होतात, त्यावरून काही ठरत नाही. विचारतात ते असं: आयुष्यावर तुम्ही समाधानी आहात का? पूर्वी आवडीने करायचा ती कामं सोडून दिलीत का? आयुष्य रिकामं वाटतं का? बाहेर पडण्यापेक्षा घरातच बसून राहावंसं वाटतं का? आपला कुणाला उपयोग नाही असं वाटतं का? उत्तर हो किंवा नाही. पाचाहून जास्त उत्तरं उदासीच्या बाजूची आली, तर डॉक्टरांनी नीट तपासायचं.

आपली माणसं करतात नेमकं उलटं. "मला रिकामं वाटतंय" असं ७६ वर्षांचा शेतकरी कधी म्हणणार नाही. तो पोटातला गोळा सांगतो, छातीतलं कसंतरी सांगतो. डॉक्टर पोट बघतात, छाती बघतात, दोन्ही चांगली निघतात, आणि माणूस होता तसा घरी परत येतो. पोटातला गोळा खोटा नसतो, बरं का. मन आजारी असलं की दुखणं खरंच जाणवतं, जास्तच जाणवतं.

हे एकट्या तुमच्या घरातलं नाही. २०१७-१८ मध्ये देशभर वयस्कांची एक मोठी पाहणी झाली, लासी नावाची. पंचेचाळिशीच्या पुढच्या ७२ हजारांहून जास्त लोकांना घरी जाऊन विचारलं. त्यात साठीच्या पुढच्या शंभरांपैकी साधारण आठ जणांमध्ये या आजाराची लक्षणं दिसली. आणि डॉक्टरांनी तसं निदान केलेले किती? शंभरात एकसुद्धा नाही. बाकीचे सगळे "वय झालंय" मध्ये गेले. बायकांत प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त निघालं, खेड्यांत शहरापेक्षा जास्त, आणि जोडीदार गेलेल्यांत जास्त.

तर मामंजींना मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायचं. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, हा विभाग आहे. के. एल. ई. च्या दवाखान्यात आहे. धारवाडला डिमहान्स ही खास याच आजारांची सरकारी संस्था आहे, पण पहिल्या झटक्यात तिथवर जायची गरज नाही. कर्नाटकात तालुका रुग्णालयांत मंगळवारी मानसिक आजारांची तपासणी ठेवायची 'मनोचैतन्य' नावाची योजना आहे. खानापूरला कोणत्या मंगळवारी डॉक्टर येतात ते तुमच्या गावच्या आशाताईंकडून विचारून घ्या, बेळगावची खेप वाचेल. बसने गेलात तर तुमचं तिकीट बायकांच्या मोफत प्रवासाच्या शक्ती योजनेत जाईल, मामंजींना साठीच्या वरची २५ टक्के सवलत आहे. आधार कार्ड दोघांचंही घ्या.

भाषेची धास्ती घेऊ नका. बेळगावात मराठी कळणारे डॉक्टर मिळतात, आणि केसपेपर काढतानाच "मराठी समजणारे डॉक्टर असतील तर बरं" म्हणायला लाजू नका. तापाला भाषा नसली तरी चालतं, या आजारात माणसाचं बोलणं हीच तपासणी असते. तरी घरून मराठीत एक कागद लिहून न्या. केव्हापासून, काय काय बदललं, आत्या कधी गेल्या, रात्री किती वाजता पडतात, किती वाजता उठतात, काय म्हणाले. "देवानं न्यावं" हे जसंच्या तसं लिहा. आणि डॉक्टरांना सांगा, पाच मिनिटं त्यांच्याशी एकट्याशी बोला. सुनेसमोर सासरा सगळं सांगत नाही.

पिशवीत आणखी एक वस्तू न्यायची: घरात त्यांच्या नावाच्या असतील-नसतील तेवढ्या सगळ्या गोळ्या. बीपीच्या, साखरेच्या, गुडघ्याच्या. कुणा वैद्याकडून सांधेदुखीच्या पुड्या आणत असाल तर त्याही. अशा पुड्यांत कधीकधी स्टेरॉईड असतं आणि स्टेरॉईडने मन बिघडू शकतं. बीपीसाठी लघवी साफ करणारी गोळी चालू असेल तर ती मुद्दाम दाखवा. उदासीवरच्या काही गोळ्यांबरोबर ती असली की म्हाताऱ्या माणसांच्या रक्तातलं सोडियम उतरतं, माणूस गळाठतो, बरळतो. डॉक्टरांना आधी कळलं तर ते रक्त तपासून, बेताने देतात.

रक्ताचं म्हणाल तर तुम्ही केलेल्या तपासण्यांत थायरॉईड आणि बी-१२ होतं का, ते रिपोर्टवर बघा. बहुतेक नसेल. थायरॉईड मंदावलं तरी माणूस असाच सुस्त, गप्प होतो. मामंजी माळकरी असतील, मटण-मासे-अंडं वर्ज्य, तर बी-१२ कमी असण्याची शक्यता चांगलीच. साखरेवर मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर आणखी. हिमोग्लोबिन बघा. आणि विसरभोळेपणा वाढलाय का तेही सांगा, कारण उदासीमुळे आलेला विसर आणि खरा स्मृतिभ्रंश यांतला फरक डॉक्टरांनाच काढू द्यावा. उदासीतला विसर औषधाने बराच ओसरतो.

गोळ्यांची तुम्हाला भीती आहे म्हणून थोडं सविस्तर सांगते. उदासीवरच्या गोळ्यांची सवय लागत नाही, नशा येत नाही. म्हाताऱ्या माणसाला अगदी थोड्यापासून सुरू करतात. आठवड्यात काही दिसणार नाही. चार-सहा आठवडे लागतात, या वयात आठ-दहाही. पहिले पंधरा दिवस थोडं मळमळतं आणि गुण दिसत नाही, आणि इथंच निम्मी घरं गोळी बंद करतात. करू नका. बरं वाटायला लागल्यावरही सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात, मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. पुन्हापुन्हा आजार उलटला तर जास्त काळ लागतात, जशा बीपीच्या लागतात. आपल्या मनाने एकदम मात्र थांबवायच्या नाहीत. ज्यांची सवय लागते त्या वेगळ्या, झोपेच्या. औषधाच्या दुकानात "म्हाताऱ्यांना झोप नाही" म्हटलं की चिठ्ठीशिवाय पुढे करतात त्या. त्या घेऊन रात्री लघवीला उठलेला माणूस न्हाणीत पडतो, खुबा मोडतो. त्या आणू नका.

दवाखान्याचं झालं. आता मला तुमच्या घरातलं बोलायचंय, आणि ते थोडं लागेल.

मामंजींचं काय काय गेलं, ते तुमच्याच पत्रातून मी उतरवून काढलं. आत्या गेल्या. मग बैलं गेली. मग जमीन वाट्याला गेली. मग टाळ सुटला. यातलं पहिलं कुणाच्या हातात नव्हतं. दुसरं आणि तिसरं तुम्ही सगळ्यांनी प्रेमाने केलं. "आता बसून खावा" यात तुमची माया आहे, मला कळतं. पण साठ वर्षं पहाटे उठून वैरण टाकणाऱ्या माणसाला वैरण टाकायची जागाच उरली नाही, तर तो पहाटे उठून करणार काय? सोप्यात बसणार. तुम्ही त्यांचे कष्ट काढून घ्यायला गेलात, आणि कष्टाबरोबर त्यांचा शब्दही गेला. कुठल्या शेतात काय पेरायचं, पाणी कधी सोडायचं, मजूर कोण बोलवायचे, हे त्यांना विचारल्याशिवाय घरात होत नव्हतं. आता कोण विचारतं?

विधुर पुरुषाचं आणखी एक असतं. आपल्या पिढीतले पुरुष मन बोलतात ते बायकोशी, तेही भांडून. आत्या जेवायला वाढून समोर बसत असणार, काहीबाही बोलत असणार. आता तुम्ही ताट झाकून कामाला जाता, ते टीव्हीसमोर एकटे बसून अर्धी भाकरी खातात. तुम्हाला दोष देत नाही, तुम्हाला दोन हातच आहेत. रात्रीचं जेवण तेवढं सगळ्यांनी एका पंगतीत घ्या. बोललं नाही तरी चालेल.

कानाचं तुम्ही काही लिहिलं नाहीत. मी विचारते: टीव्ही मोठ्याने लावतात का? "काय?" असं दोनदा विचारतात का? टाळ सोडण्यामागे मला कानाचा संशय आहे. ऐकू कमी आलं की ताल चुकतो, पखवाजवाला वळून बघतो, एखादा पोरगा हसतो. अभिमानी माणूस दुसऱ्या दिवसापासून जात नाही आणि कारण सांगत नाही. कमी ऐकू येणं आणि उदासी यांचा संबंध अभ्यासांत पक्का दिसलेला आहे. कानात नुसता मळही असू शकतो, तो काढायला तालुक्याच्या दवाखान्यात दहा मिनिटं लागतात. मशीन लागलं तर लागलं. मोतीबिंदूही त्याच खेपेला बघून घ्या. आणि संध्याकाळी थोडी घेतात का, तेही डॉक्टरांना खरं सांगा, भजनी माणूस म्हणून झाकू नका.

आणखी एक जाच आपल्या भागातल्या म्हाताऱ्यांना आहे, तो पुण्याच्या दिरांना कळायचा नाही. उतारा कन्नडमध्ये येतो, नोटीस कन्नडमध्ये, बँकेतला साहेब कन्नड बोलणारा. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात जमिनीची कामं स्वतः फिरून केली, तो आता प्रत्येक कागद नातवाच्या हातात देतो. नातू शाळेत कन्नड शिकलाय, वाचतो, आणि म्हणतो, "काही नाही आज्जा, तुम्हाला नाही कळायचं." एवढं बंद करा. नातवाने कागद आज्जाला पूर्ण वाचून दाखवायचा, ओळ न् ओळ मराठीत सांगायची, आणि काय करायचं ते आज्जाने ठरवायचं. संध्या सुरक्षाची, म्हणजे सरकारची म्हातारपणाची, पेन्शन येत असेल तर बँकेचं पुस्तक त्यांच्याकडे राहू दे, पैसे त्यांच्या हातात पडू देत. नातवंडाला दहा रुपये द्यायलाही दुसऱ्याकडे मागावं लागणं या वयात फार बोचतं.

बैलं परत आणा, असं मी म्हणणार नाही. शेणघाण शेवटी तुमच्याच गळ्यात येईल. पण सुगी तोंडावर आली आहे. वाटेकऱ्याला निरोप द्या, मळणीच्या दिवशी मामंजी खळ्यावर असतील आणि पोती ते मोजून घेतील. भात निघाल्यावर त्या ओलीवर मसूर टाकायचा की वाटाणा, ते मामंजी सांगतील. त्यांनी सांगितलेलं मालकांना पटलं नाही तरी तेच करायचं. दोन पोती कमी आली तर येऊ देत. नुसतं मन रमवायला म्हणून काम द्याल आणि शेवटी स्वतःच्या मनाचं कराल, तर ते त्यांना त्याच दिवशी कळेल.

सुरुवातीला ते नाही म्हणतील. "मला होत नाही" म्हणतील. या आजारात उत्साह आल्यावर काम होत नाही, काम थोडं झाल्यावर उत्साह येतो. म्हणून लहान तुकडा पाडायचा. पहिल्या दिवशी बांधापर्यंत जाऊन यायचं, बस्स. दुसऱ्या आठवड्यात खळ्यापर्यंत. जबरदस्ती नको आणि "बघा, तुम्हाला जमलं की नाही" असलं कौतुकही नको, ते लहान पोराला करतात. झोपेचंही बघा. दुपारी दोन तास आणि रात्री आठला अंथरुणावर, तर पहाटे तीनला जाग यायचीच, हिशेब करून बघा. दुपारचं पडणं अर्ध्या तासावर आणा, रात्री साडेनऊच्या आत अंथरूण घालू नका.

हे मी हवेत बोलत नाही. तुमचे मालक जातात त्या गोव्यातच संगाथ या संस्थेने साठीच्या पुढच्या १८१ लोकांवर अभ्यास केला, २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. हे लोक पुरते आजारी नव्हते, उदासीची सुरुवात होती. निम्म्या लोकांना, डॉक्टरांनी नव्हे, तर शिकवून तयार केलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी भेटून मदत केली. अडचणीचे लहान तुकडे कसे पाडायचे, झोपेची घडी कशी बसवायची, साखरेची काळजी कशी घ्यायची, सरकारी योजना कशा मिळवायच्या. वर्षभरात त्या गटातले ४ जण आजारी पडले, दुसऱ्या गटातले १३. मामंजी सुरुवातीच्या पायरीवर आहेत असं मला वाटत नाही, त्यांना डॉक्टर हवाच. पण घरात करायचं ते याच जातीचं आहे, आणि त्याला शिकलेलं माणूसच लागतं असं नाही.

चुलतसासूबाईंशी वाद घालू नका. देवरशाकडून अंगारा आणायचा असेल तर आणू देत, कपाळाला लावा. तीन गोष्टींना मात्र ठाम नाही म्हणा: गोळ्या बंद करणं, उपास धरायला लावणं, आणि बकऱ्या-कोंबड्यावर हजारो घालणं. दवाखान्याची तारीख देवरशाच्या तारखेपायी चुकायची नाही.

पुण्याचे दीर "आमच्याकडे पाठवा" म्हणतील, कदाचित म्हणालेही असतील. आत्ता नको. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, ओळखीचं माणूस नाही, अंगण नाही, तिथं हा आजार वाढतो. बरे झाल्यावर त्यांना जावंसं वाटलं तर आठ-पंधरा दिवस जाऊ देत. आणि तीन महिने इकडे, तीन महिने तिकडे अशी बापाची वाटणी तर कधीच मान्य करू नका. हे चांगल्या चांगल्या घरांत होताना मी बघते आणि मला ते सहन होत नाही. दिरांना दुसरं काम द्या. औषधाचा सगळा खर्च त्यांचा. आणि रोज संध्याकाळी सातला बापाला फोन, "जेवलात का, काळजी घ्या" एवढाच नव्हे, तर शेतातलं काहीतरी विचारायचं. वाटेकऱ्याने बांध नीट घातला का, असं.

राग येतो म्हणता. यायचाच. सात-आठ महिने तुम्ही एकट्या हे ओढताय, आठवड्यातून एक दिवस घरी येणाऱ्या माणसाला हे दिसत नाही आणि गल्ली तुमच्यावरच बोट ठेवते. राग आला म्हणजे तुम्ही वाईट सून झाला नाहीत. पण तुमची स्वतःची झोप उडाली असेल, सारखं रडू येत असेल, कशातच जीव लागत नसेल, तर त्याच डॉक्टरांना स्वतःचं म्हणूनही सांगा. आजारी माणसाला सांभाळणारी बाई आजारी पडणं फार नेहमीचं आहे. महिन्यातून दोन दिवस माहेरी जा, त्या दोन दिवसांत घर मालकांनी बघायचं.

आणि दवाखान्याची पहिली खेप तुम्ही एकट्याने करू नका. रविवारी ओपीडी बंद असते, म्हणजे बेळगावला जायचं तर मालकांना सोमवारची रजा काढावी लागेल. मामंजींना "डोक्याच्या डॉक्टरकडे चला" असं सांगू नका, खोटंही सांगू नका. "झोप आणि भूक गेलीय, त्याचे डॉक्टर आहेत" म्हणा, ते खरंच आहे. हे पोराने बापाला शनिवारी रात्री जेवताना सांगायचं, सुनेने नव्हे. एका दिवसाचा पगार कापला जाईल. कापू दे.